चार इंची पाइप आणि पीएसएलव्ही-सी५७ : प्रकल्प नोंदी

१४ ऑगस्ट २०२३, सोमवार

उद्याच्या झेंडावंदनासाठी शाळेतला खांब ओळंब्यात घ्यायला गेलो आणि हे काम गळ्यात पडलं. विज्ञानाच्या मॅडमनी मोबाइल पुढे केला. सूर्याचा अभ्यास करणारा आदित्य-एल१ हा उपग्रह बेंगळुरूहून श्रीहरिकोट्याला पोहोचला, अशी इस्रोची बातमी होती. तो पीएसएलव्ही-सी५७ या रॉकेटवरून जाणार होता. "तात्या, मुलांना उड्डाण थेट दाखवायचंय. पण नुसता पडदा नको. रॉकेट समोर उभं पाहिजे, आणि पडद्यावर जे सुटेल ते इथेही सुटलं पाहिजे."

तारीख विचारली तर अजून जाहीर नाही म्हणाल्या. सप्टेंबरचा पहिला आठवडा असावा. तारीख नसलेलं काम मी नोकरीत कधी घेतलं नाही, इथे घेतलं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरपासून सायकलच्या टप्प्यात. पीएसएलव्हीच्या मोटरची पोलादी आवरणं तिथे होत आली आहेत, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत ‘रॉकेट आमचंच’ असं बोलतात. मी फिटर खरा, पण पंपांवरचा. फ्लँज, गास्केट, ग्लँड यांच्यात हयात गेली. रॉकेटला कधी हात लावलेला नाही, हे मॅडमना आधीच सांगून टाकलं.

ठरलं ते असं. पाच मुलं, खर्च दोन हजारांच्या आत, काम शाळा सुटल्यावर माझ्या पडवीत.

१६ ऑगस्ट, बुधवार

मुलांची नावं लिहीत नाही. त्यांनीच एकमेकांना ठेवलेली आहेत ती चालवतो : मापाडी (आठवीतली मुलगी, पट्टी कायम दप्तरात), लांब्या, बारक्या, चष्मिश आणि सोनारीण. सोनारीण का, तर हात बारीक कामाला चांगला.

मॉडेल केवढं करायचं यावर तासभर वाद झाला. शेवटी पाइपानेच ठरवलं. बारक्याच्या वडिलांनी बोअरच्या लाइनमधला चार इंची पाइप काढून ठेवला आहे. त्याचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा. मापाडीने भागाकार केला : २५.४५. म्हणजे खऱ्याचा साधारण पंचविसावा हिस्सा. बाजूचे स्ट्रॅप-ऑन (कडेला बांधलेली छोटी रॉकेटं) एक मीटर व्यासाचे, त्यांचे आले ३९ मिलिमीटर आणि दुकानात ४० चा पाइप आयता मिळतो. हे जुळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. रॉकेटची उंची ४४.४ मीटर, आपल्याकडे १७४ सेंटिमीटर.

"तात्यांपेक्षा चार बोटं उंच," लांब्या म्हणाला.

बारक्याच्या वडिलांची एकच अट : "तुकडे करा, कपलिंग लावून जोडीन मी. पण पाइप माघारी पाहिजे. पाऊस आला न्हाई तर बोअर हाय म्हनून पीक हाय." श्रावण लागतोय आणि आभाळ कोरडं ठाक आहे.

२० ऑगस्ट, रविवार

काल आणि आज मिळून पहिला आणि दुसरा टप्पा कापून झाला. पहिला ७८ सेंटिमीटर, दुसरा ५०. हॅक्सॉने पाइप काटकोनात कापणं मुलांना जमत नव्हतं. कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची, कडेला कड जुळली की ती रेघ काटकोनातच असते, ही युक्ती दाखवली. नंतर मी फक्त चहा पीत बसलो.

दुपारी मापाडीने काम थांबवलं. "तात्या, बेरीज चुकतीय." वहीत तिने लिहिलं होतं : पहिला टप्पा २० मीटर, दुसरा १२.८, तिसरा ३.६, चौथा ३, वरची हीट शील्ड (उपग्रह झाकणारं टोकाचं टोपण) ८.३. बेरीज ४७.७. आणि रॉकेट ४४.४. तीन मीटर तीस सेंटिमीटर गेले कुठे? आमच्या मॉडेलवर हा फरक तेरा सेंटिमीटरचा येतो, म्हणजे डोळ्याआड करण्यासारखा नाही.

मी आधी तिची बेरीज तपासली, मग माझा चष्मा. रात्री जेवताना डोक्यात आलं, स्वयंपाकघरातल्या पातेल्यांच्या उतरंडीकडे बघून. हे टप्पे डब्यांसारखे एकावर एक ठेवलेले नाहीत. वरच्याचा नॉझल, म्हणजे आग बाहेर पडायचं तोंड, खालच्या जोडकड्यात उतरलेला असतो. तिसऱ्या टप्प्याचा व्यास दोनच मीटर, तो २.८ मीटरच्या कड्याच्या पोटात दडलेला, म्हणून फोटोत वेगळा दिसतच नाही. चौथा टप्पा हीट शील्डच्या तळात शिरतो. म्हणजे तिसऱ्यासाठी ७५ चा पाइप ११० च्या आत. खर्चही वाचला.

प्रत्येक टप्पा वेगळ्या जातीचा आहे, हे कागदावर चिकटवून ठेवलं. पहिला घन इंधनाचा, मॅरेजिंग पोलादाच्या पाच भागांचा, आत १३८ टन इंधन. ते रबरासारखं असतं, एकदा पेटलं की विझवायची सोय नाही. दुसरा द्रव इंधनाचा, विकास इंजिनाचा. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात ही इंजिनं बनत आली आहेत. त्यातली दोन द्रवं नुसती एकमेकांना भेटली की पेटतात, ठिणगी लागत नाही. तिसरा पुन्हा घन, पण पोलादाऐवजी केव्हलरच्या धाग्यांचं आवरण. चौथा पुन्हा द्रव, टायटॅनियमच्या टाक्या, दोन छोटी इंजिनं. घन, द्रव, घन, द्रव. चष्मिश म्हणाली, भाकरी, आमटी, भाकरी, आमटी.

२१ ऑगस्ट, सोमवार

नागपंचमी. काम बंद. खणू नये, कापू नये, चिरू नये, म्हणून हिने हॅक्सॉ लपवून ठेवला.

२३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. गावात फटाके. काम शून्य, पण पोरांचा हुरूप एवढा वाढला की रात्री आठला पडवीत येऊन बसली.

लांब्याने विचारलं, श्रीहरिकोटाच का? आपल्या रत्नागिरीला समुद्र नाही का? प्रश्न चांगला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तिच्या फिरण्याचा वेग फुकटात घ्यायचा तर रॉकेट पूर्वेकडे सोडायचं. रत्नागिरीहून पूर्वेकडे सोडलं तर रिकामे टप्पे पडणार कुठे? "कोल्हापुरात," तो म्हणाला. थेट कोल्हापुरात नाही, पण कुठेतरी माणसांच्या डोक्यावरच. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर मोकळा आहे.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

स्ट्रॅप-ऑन झाले. मुलं त्यांना पिल्लं म्हणतात. सहा पिल्लं, प्रत्येकी ४७ सेंटिमीटर, टोकाला पेट्रोलच्या नरसाळ्यांच्या कापलेल्या टोप्या. खऱ्या एकेका पिल्लात बारा टनांहून जास्त इंधन असतं. आमच्यात काही नाही.

सगळी एकदम पेटत नाहीत. चार जमिनीवर, पहिल्या टप्प्याबरोबरच. उरलेली दोन हवेत, पंचविसाव्या सेकंदाला. मग सुटायचा क्रमही तोच, आधीची चार सत्तराव्या सेकंदाच्या आसपास, नंतरची दोन ब्याण्णवाव्या. म्हणून चार पिल्लांच्या पोटाला निळी पट्टी आणि दोघांना लाल. जोडायला जुन्या स्पीकरमधले चुंबक फोडून बसवले. लाल जोडीला मोठा तुकडा, म्हणजे ती उशिरा आणि जोर लावल्यावरच सुटेल.

मापाडीने फोटो मोठा करून मोजलं तर पिल्लं सहा, पण पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या आणखी दोन बारीक नळ्या दिसल्या. त्या टाक्या आहेत. पहिल्या टप्प्याचा नॉझल हलत नाही, पक्का असतो. मग रॉकेट वळवायचं कसं? ज्या बाजूला ढकलायचं तिच्या हिशेबाने नॉझलच्या आत स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाणी फवारतात, तिथला झोत किंचित मुरडतो आणि रॉकेट दिशा बदलतं. सव्वातीनशे टनांच्या आसपासचं धूड पिचकारीने वळवायचं. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले, पण पाण्याचं असं काम ऐकलं नव्हतं. दोन नळ्या पेनच्या रिकाम्या नळ्यांच्या केल्या.

२७ ऑगस्ट, रविवार

हीट शील्ड, म्हणजे मुलांची ‘टोपी’. खरी ३.२ मीटर व्यासाची, आमची साडेबारा सेंटिमीटर. या मापाचा पाइप नाही. लाकूड कातून घ्यायला सुतार आठशे म्हणाला.

सोनारणीने तोड काढली. तिच्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीचा साचा दोन पाळ्यांचा, म्हणजे दोन अर्ध्या भागांचा असतो, टोपीही दोन पाळ्यांचीच. मामांनी शाडूचा नमुना घडवून दिला, त्यावर कागदाच्या लगद्याच्या दोन पाळ्या थापल्या. हंगामाची घाई असताना अर्धा दिवस दिला आणि पैसे घेतले नाहीत. बजावून सांगितलं, "दोन दिवस सावलीतच. ऊन दाखवायचं नाही."

२८ ऑगस्ट, सोमवार

तारीख जाहीर झाली. २ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून ५० मिनिटं. हातात चार दिवस.

आणि वार शनिवार! शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. सुटल्यावर पोरांना वीस मिनिटं धरून ठेवणं हे पीएसएलव्हीपेक्षा अवघड, असं शिपाईमामांचं मत. मॅडमनी खिचडी उड्डाणानंतर वाढायचं ठरवलं.

टोपी बघितली. बारक्याच्या भावाने काल गच्चीवर ठेवली होती, लवकर वाळावी म्हणून. चांगल्या मनाने ठेवली. दोन्ही पाळ्या ताणून वाकड्या झाल्या आहेत, कडेला चार मिलिमीटर फट. मी बोललो नाही. बोललो असतो तर फार बोललो असतो.

२९ ऑगस्ट, मंगळवार

पाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा नमुन्यावर चढवल्या, सायकलच्या ट्यूबने आवळल्या. गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही.

तोवर उपग्रह. मापाडी म्हणाली, वजनही प्रमाणातच पाहिजे. लांबी साडेपंचविसाने कमी, तर वजन त्याच्या घनाने कमी, म्हणजे सोळा हजारांवर काहीशे पटीने. खरं रॉकेट भरून ३२० टन, आमचं झालं असतं वीस किलो. उपग्रह १,४८० किलो, आमचा नव्वद ग्रॅम. तागडी आणली, नव्वद ग्रॅमचा बटाटा निघाला. वीस किलोचं पोतं एका बटाट्यासाठी जाळायचं, हे आकडे वाचून कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

बटाट्याला चांदीचा कागद, दोन बाजूंना सौरपट्ट्या. आत सात उपकरणं आहेत, म्हणून सात टाचण्या. त्यातली एक टाचणी आपल्या पुण्याची. सूट नावाची दुर्बीण, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाच्या पुढाकाराने झालेली. सूर्याची पूर्ण चकती अतिनील प्रकाशात बघते, २०० ते ४०० नॅनोमीटर, अकरा गाळण्यांतून. यातला बराचसा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोहोचतच नाही. म्हणून दुर्बीण पुण्यात बनवायची आणि वापरायची पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेच्या एल१ या बिंदूपाशी. दुसरी मोठी टाचणी बेंगळुरूची, व्हेल्क. ती सूर्याची चकती झाकून भोवतीचा किरीट, म्हणजे करोना, बघणार. किरीट चकतीपेक्षा काही लाख पटींनी मंद असतो, त्यामुळे आरशावर धुळीचा कण बसला तरी त्याचा उजेड किरीटाला गिळतो. म्हणून ते पांढरे झगे, तोंडाला फडकी, डोक्याला टोप्या. चष्मिशने टाचण्या टोचायच्या आधी हात साबणाने धुतले. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "असू दे."

३० ऑगस्ट, बुधवार

श्रीहरिकोट्यात उड्डाणाची रंगीत तालीम आणि रॉकेटच्या अंतर्गत तपासण्या पूर्ण झाल्याचं इस्रोने कळवलं. आमचीही तालीम झाली, टोपीशिवाय.

पिल्लं : निळी चार बरोबर सुटली. लाल जोडी सुटेना, आणि सुटली ती पहिल्या टप्प्याला घेऊनच. चुंबक लहान केले.

पहिला-दुसरा जोड : फार घट्ट. काचकागद मारला तर फार ढिला झाला, रॉकेट मान टाकायला लागलं. पाइपाला एक पदर चिकटपट्टी गुंडाळली. पुन्हा घट्ट. अर्धा पदर. असं संध्याकाळपर्यंत.

नोकरीत मला एकच गोष्ट शिकवली होती, जोड सुटता कामा नये. गळता कामा नये, हलता कामा नये, दहा वर्षं उघडायला लागता कामा नये. इथे जोड पक्का पाहिजे, हजार थरथरी सोसून पक्का पाहिजे, आणि ठरल्या सेकंदाला तो असा सुटला पाहिजे की जणू नव्हताच. पोरं ज्वाळा बघतात. मी गेले दोन आठवडे जोडच बघतोय. खऱ्यात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधलं धातूचं कडं स्फोटक पट्टीने गोल कापून टाकतात. उपग्रह आवळलेल्या पट्ट्याने धरलेला असतो, पट्टा कापला की स्प्रिंगा त्याला अलगद ढकलतात. मला कापून टाकणं पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

आज नारळी पौर्णिमा. सोनारणीने रॉकेटला राखी बांधली. ती उड्डाणाआधी सोडायची की नाही यावर दोन तट पडले.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पाळ्या सरळ झाल्या. फट कागदाइतकी राहिली आहे.

मॅडमनी मुलांना आज मुद्दाम सांगितलं : याच तारखेला सहा वर्षांपूर्वी, ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही-सी३९ उडालं होतं. सगळे टप्पे चालले. फक्त हीट शील्ड सुटली नाही. टनभराचं टोपण वागवत रॉकेट वर गेलं, वेग कमी पडला, आणि आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह आतल्या आत सुटून टोपणातच कोंडून राहिला. पडवीत कोणी बोललं नाही. मग बारक्याने आमच्या टोपीकडे बघितलं.

आमची टोपी ट्यूबच्या रिंगने बंद राहते, आत पेनच्या चार स्प्रिंगा पाळ्यांना बाहेर ढकलतात. रिंग सुटायला हवी. कात्रीने कापली तर रॉकेट हलतं. दोऱ्याने बांधली तर गाठ आवळून बसते, स्प्रिंगांच्या ताणाने आणखीच. सहा वेळा केलं, दोनदाच उघडली.

बारक्या म्हणाला, "तात्या, वासराची गाठ मारू का?"

त्याने ट्यूब काढून टाकली, नायलॉनची सुतळी घेतली, टोपीभोवती एक वेढा, एक फास, फासातून दुमडलेली सुतळी, शेपटी बाहेर लोंबती. वासराने कितीही हिसडे दिले तरी ती आवळतच जाते. माणसाने शेपटी ओढली की एका दमात मोकळी. गोठ्याला आग लागली तर दावं कापायला वेळ नसतो, म्हणून ती गाठ. मी ओढली. दोन्ही पाळ्या टणकन उघडल्या, एक माझ्या चहात. वीस वेळा केलं, वीसही वेळा उघडली.

राखीचा प्रश्नही सुटला. राखी पहिल्या टप्प्यावर राहील, तो समुद्रात पडणारच आहे.

१ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी काउंटडाउन सुरू झालं, २३ तास ४० मिनिटांचं. आता दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात द्रव इंधन भरतील. घन टप्पे आधीपासून भरलेलेच असतात. विषारी, जाळणारी द्रवं शेवटी भरतात, तोवर माणसं मोकळेपणाने जवळ जाऊ शकतात.

रॉकेट हातगाड्यावरून शाळेत नेलं, आडवं, खाली गोधडी. श्रीहरिकोट्यात जोडणीच्या इमारतीत हे उभं रचतात, खालून वर, आणि रुळांवरच्या चबुतऱ्यासकट उभंच्या उभं तळावर आणतात. आम्हाला गावातल्या विजेच्या तारा आड आल्या.

चष्मिशला शंका : नाव सी५७, मग मॅडम हे पीएसएलव्हीचं एकोणसाठावं उड्डाण का म्हणतात? सुरुवातीची तीन चाचणी उड्डाणं डी-१ ते डी-३ या नावाने झाली, ती धरून साठ होतात. त्यातून एक वजा, कारण सी१३ नावाचं उड्डाणच नाही. बारावरून एकदम चौदा. "तेरा का नाही?" मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार.

२ सप्टेंबर, शनिवार

साडेअकराला घंटा झाली, एकही पोरगं उठलं नाही. शिपाईमामांचा अंदाज चुकला.

अकरा अडतीसला लाइट गेली. प्रोजेक्टर बंद. इन्व्हर्टर ऑफिसचा, वायर पोहोचेना. लांब्या माझ्या घरी सायकलवर जाऊन वेल्डिंगची लांब वायर घेऊन आला, सहा मिनिटांत. पडदा लागला तेव्हा घड्याळात अकरा शेचाळीस.

अकरा पन्नासला पडद्यावर आग दिसली आणि आवाज मागाहून आला, नेटचा दोष. मग माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं. मी रॉकेटच्या मागे उभा, पाचही मुलं आपापल्या जोडापाशी. मॅडम मोबाइलवर सेकंद मोजत होत्या.

सत्तर : निळी पिल्लं, दोन-दोन करून, मापाडीच्या हाताने. ब्याण्णव : लाल जोडी सुटली, कालपर्यंत अडत होती ती. एकशे दहाच्या आत पहिला टप्पा. इथे आमची गंमत झाली. खऱ्यात खालचा तुकडा पडतो आणि वरचा पुढे जातो, आमच्यात लांब्याने वरचं सगळं खांद्यावर उचलून धरलं आणि खालचा टप्पा राखीसकट जमिनीवर आडवा झाला. पहिलीतली पोरं टाळ्या पिटू लागली.

साडेतीन मिनिटांच्या आत टोपी. बारक्याने शेपटी ओढली. एक पाळी उडून पडली, दुसरी जागेवरच. कागदाइतकी फट ठेवली होती, तिथेच ती पाइपाला चिकटून उभी राहिली. एक, दोन. मी हात पुढे केला, मापाडीने माझा हात धरला. तिसऱ्याला ती आपणहून कलली आणि लांब्याच्या पायावर पडली. आत चांदीचा बटाटा सात टाचण्यांसह. पडद्यावर इंग्रजीत घोषणा झाली, हीट शील्ड सुटल्याची. आमची आधी सुटली की त्यांची, यावर अजून वाद आहे. नेट मागे होतं.

चार मिनिटं आणि काही सेकंदांनी दुसरा टप्पा, दहाच्या आत तिसरा. मग बराच वेळ काहीच घडलं नाही. ही या उड्डाणाची खरी खुबी, आणि मुलांना नेमकी तीच कंटाळवाणी वाटली. चौथा टप्पा एकदा पेटून थांबतो, बंद इंजिनाने पृथ्वीभोवती बराच वेळ वाहत जातो, आणि मग पुन्हा पेटतो. कक्षा लांबट, २३५ किलोमीटर बाय १९,५०० किलोमीटर. पृथ्वीजवळचं तिचं टोक बरोबर जागी पडावं म्हणून ही थांबाथांब. घन टप्प्याला हे कधी जमलं नसतं. खिचडी याच वेळात वाढली. एकाच्या सुमाराला, त्रेसष्ट मिनिटं उलटल्यावर, आदित्य सुटला. सोनारणीने बटाट्याखालची गाठ ओढली. तिची गाठ बारक्यापेक्षा सफाईदार होती, फक्त तिने कोणाला शिकवलं नाही कशी मारली ते.

नंतर प्रकल्प संचालक निगार शाजी बोलल्या. इंग्रजी फारसं कळलं नाही, पण मुलींच्या रांगा पडद्याकडे सरकल्या.

बटाटा शिपाईमामांनी घरी नेला.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणेश चतुर्थी. पहाटे दोनच्या सुमाराला आदित्यने पृथ्वीभोवतालच्या फेऱ्या सोडून एल१ ची वाट धरली. सोनारणीचे मामा सकाळी भेटले, म्हणाले, "टोपीच्या पाळ्या द्या माघारी, पुढच्या वर्षी मखराला घेतो." दिल्या. पाइप बारक्याच्या वडिलांनी आधीच नेला होता.

६ जानेवारी २०२४, शनिवार

दुपारी चारच्या सुमाराला आदित्य एल१ भोवतीच्या कक्षेत शिरला. मॅडमचा फोन आला. त्यानंतर पाचच मिनिटांनी बारक्याच्या वडिलांचा.

"तात्या, रिकामे हायसा का? लाइन गळतीय."

सायकल काढून गेलो. ऊस कोरडा, बोअर चालू, आणि बांधाच्या कडेने पाइपावर मापाडीच्या अक्षरात ‘पहिला टप्पा’, त्यापुढे कपलिंग, त्यापुढे उलटं ‘दुसरा टप्पा’. नेमकं त्या दोघांच्या मधूनच पाणी उडत होतं. ऑगस्टमध्ये मारलेला काचकागद, तोंड बारीक झालेलं. बारक्या चिखलात बसून ते हाताने दाबून धरत होता. मी पिशवीतून सॉल्व्हंटची डबी काढली आणि त्याला मोटर बंद करायला पाठवलं.